सुवर्णनाण्यांवरील विजयादेवी

जुन्या घरांतील पेटींत अजूनहि कोठें कोठें राणीछाप रुपया जपून ठेवलेला आढळतो. त्यावर मुकुट घातलेल्या राणीचें मुख असतें आणि जवळच तिचें नांव असतें, व्हिक्टोरिया. हें नांव मुळांत कोणा मानवी स्त्रीचें नव्हे. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ ‘विजय’ असा आहे, आणि प्राचीन रोमन लोक विजयाला पंख असलेली एक देवी मानून याच नांवानें तिची पूजा करीत असत. त्या देवीचें चित्र रोमन बादशहांनीं आपल्या सोन्याच्या नाण्यांवर शेंकडों वर्षें पाडलें, व रोमचें सोनें व्यापाराच्या मार्गानें आपल्या दख्खनपर्यंत येऊन पोंचलें. त्याच काळाच्या सुमारास, आपल्या शेंद्र्याहून एका दिवसांत जाऊन परत येतां येईल अशा पैठणच्या सातवाहन राजानेंहि आपला एक विजय नाण्यांवर नोंदविला. परंतु त्याची रीत अगदीं निराळी होती. या दोन रीती शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, आणि विजयाची बातमी देणाऱ्या नाण्यावर इतिहासाच्या अभ्यासकानें कितपत विश्वास टाकावा याचा विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नाणें कसें होतें तें पाहूं. रोमन सोन्याच्या नाण्यास ऑरियस म्हणत. ऑगस्टस बादशहाच्या वेळीं एका रोमन पौंड सोन्याचीं सुमारें ४० नाणीं पाडीत. म्हणजे एकेक नाणें आपल्या मापानें जवळजवळ ८ मासे भरे. नीरो बादशहानें इ. स. ६४ च्या सुमारास एका पौंडाचीं ४५ नाणीं पाडण्यास आरंभ केला, तेव्हां वजन साडेसात माशांवर उतरलें. व्यास सुमारें दोन सेंटिमीटर, सोनें जवळजवळ शुद्ध, आणि मोल चांदीच्या २५ दीनारियस नाण्यांइतकें. ऑगस्टसच्या पायदळांतील शिपायास वर्षाला २२५ दीनारियस पगार मिळे. म्हणजे सबंध वर्षाच्या चाकरीचीं अशीं नऊ नाणीं. तीं पाडण्यास यंत्र नव्हतें. खालीं एक ठसा घट्ट बसविलेला, त्यावर सोन्याची चकती, चकतीवर दुसरा ठसा, आणि त्या ठशावर हातोड्याचा घाव. दोन्हीं बाजू एकदम उमटत. हा हातोडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

नाण्याच्या एका बाजूस बादशहाचें मुख असे व दुसऱ्या बाजूस बहुधा एखादें दैवत किंवा प्रसंग. विजयादेवी या दुसऱ्या बाजूस वारंवार दिसते. ही देवी रोमन लोकांना ग्रीकांकडून मिळाली; ग्रीक तिला नीके म्हणत. तिच्या पाठीला दोन मोठे पंख असतात. अथेन्स नगरांत मात्र तिची एक पंखहीन मूर्ति होती, आणि पंखच नसल्यानें ती आपल्याला सोडून कधीं जाणार नाहीं अशी तेथील लोकांची समजूत होती, असें पॉसेनियस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. रोमन नाण्यांवर तिच्या एका हातांत लॉरेल वृक्षाच्या पानांची माळ असते. ही माळ जेत्याच्या मस्तकावर ठेवावयाची. दुसऱ्या हातांत खजुरीची झांवळी असते. कधीं ती पृथ्वीच्या गोलावर उभी असते, कधीं दोन वा चार घोड्यांचा रथ हांकते, तर कधीं ढाल समोर धरून तीवर बादशहाचा पराक्रम लिहीत असते. कित्येकदां तिच्याजवळ एक विचित्र बुजगावणें दिसतें. रणांगणावर झाडाचा बुंधा पुरून त्यावर पराभूत शत्रूचें चिलखत, शिरस्त्राण व ढाली टांगण्याची ग्रीक-रोमन चाल होती, त्याचें तें चित्र होय. त्याच्या पायथ्याशीं हात मागें बांधलेला कैदी, किंवा गुडघ्यांत मान घालून बसलेली स्त्री असते. ती स्त्री म्हणजे जिंकलेला देश.

या देवीला राज्यकारभारांत कायमची जागा दिली ती ऑगस्टसनें. इ. स. पूर्व ३१ मध्यें ॲक्टियमच्या आरमारी लढाईंत प्रतिस्पर्ध्याचा मोड केल्यावर, इ. स. पूर्व २९ मध्यें त्यानें रोमच्या सेनेटच्या सभागृहांत विजयादेवीची मूर्ति बसविली. तेव्हांपासून विजय हा लढणाऱ्या सेनापतीचा न राहतां बादशहाच्या अंगचा एक गुण ठरत गेला. इ. स. पूर्व १९ नंतर बादशहाच्या घराण्याबाहेरील कोणाहि सेनापतीची विजयी मिरवणूक रोममध्यें निघाली नाहीं. लढाई दूरच्या सरहद्दीवर कोणीहि मारो, नाण्यावर ‘ऑगस्टाचा विजय’ एवढेंच लिहिलेलें असे. ही गोष्ट समजली म्हणजे पुढील उदाहरणांचें नवल वाटणार नाहीं.

ऑगस्टसच्याच एका सोन्याच्या नाण्यावर विजयादेवी एका बैलावर गुडघा टेकून त्याची मान मागें ओढून सुरी चालवीत आहे, आणि वर ‘आर्मेनिया काप्ता’, म्हणजे आर्मेनिया जिंकला, अशीं अक्षरें आहेत. चित्र अंगावर कांटा आणणारें आहे. प्रत्यक्षांत काय घडलें? इ. स. पूर्व २० मध्यें आर्मेनियाच्या राजाचा त्याच्याच माणसांनीं खून केला, आणि ऑगस्टसचा सावत्र मुलगा टायबेरियस यानें तेथें जाऊन रोमच्या पसंतीच्या राजपुत्राच्या मस्तकावर मुकुट ठेवला. लढाई झालीच नाहीं, व आर्मेनिया रोमचा प्रांतहि झाला नाहीं. क्लॉडियस बादशहाच्या इ. स. ४६-४७ च्या सुवर्णनाण्यावर ब्रिटनच्या विजयाची कमान आहे. ती मोहीम खरी होती; परंतु बादशहा स्वतः त्या बेटावर अवघे १६ दिवस होता, आणि रोममधील त्याच्या कमानीवरचा शिलालेख इ. स. ५१ चा आहे.

प्रत्येक नाणें असें पोकळ असतें असें मात्र नाहीं. व्हेस्पेशियन बादशहाच्या नाण्यांवर रणचिन्हाखालीं बसून शोक करणारी यहूदी स्त्री आहे. इ. स. ७० मध्यें त्याचा पुत्र टायटस यानें यरुशलेम नगर घेतलें व तेथील मंदिर जळून नष्ट झालें, हें सर्वांस ठाऊकच आहे. ज्या कारागिरानें ती मूर्ति कोरली त्यानें जेत्याची आज्ञा पाळली खरी. पण आज तें नाणें पाहतांना डोळे बादशहाच्या मुखाकडे जात नाहींत, त्या स्त्रीकडे जातात.

सर्वांत बोध घेण्यासारखें उदाहरण ट्रेजनचें आहे. इ. स. ११६ मध्यें या शूर बादशहानें पार्थियन लोकांची टेसिफॉन ही राजधानी घेतली आणि ‘पार्थिया काप्ता’ असा लेख व रणचिन्हाच्या दोहों बाजूंस दोन कैदी असलेलें सुवर्णनाणें काढलें. त्याच वर्षीं जिंकलेल्या मुलुखांत बंडें उठलीं. इ. स. ११७ मध्यें ट्रेजन वारला, आणि त्याच्या मागून आलेल्या हेड्रियननें युफ्रेटिस नदीपलीकडील सर्व नवे प्रांत सोडून दिले. नाणें सोन्याचें असल्यामुळें तें टिकलें. विजय एक वर्ष टिकला. पुढें व्हॅलेरियन बादशहानेंहि विजयादेवीचीं नाणीं पाडलीं होतीं, आणि इ. स. २६० मध्यें इराणच्या पहिल्या शापूर राजानें त्यास जिवंत कैद केलें. ती हकीकत शापूरनें नक्श-इ-रुस्तम येथील कड्यावर कोरून ठेविली आहे. तेथें पराभव रोमचा आहे. होनोरियस बादशहाच्या सोन्याच्या नाण्यावर तो स्वतः कैद्यावर पाय देऊन हातावर विजयादेवी घेऊन उभा आहे; आणि त्याच्याच कारकीर्दींत, इ. स. ४१० मध्यें, अलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम शहर लुटलें.

देवीची पूजा बंद पडल्यावरहि तिचें चित्र राहिलें ही एक मौज आहे. इ. स. ३८२ मध्यें ग्रेशियन बादशहानें सेनेटच्या सभागृहांतील तिची वेदी काढविली. इ. स. ३८४ मध्यें सिमॅकस नांवाच्या सरदारानें ती परत मिळावी म्हणून अर्ज केला, त्यास मिलानचे बिशप ॲम्ब्रोझ यांनीं विरोध केला, व अर्ज नामंजूर झाला. तरी नाण्यांवर ती पुढें दीडशें वर्षें उडत राहिली. फक्त हातांत क्रूस आला. अखेर पहिल्या जस्टिनच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. ५१८ ते ५२७ च्या दरम्यान, स्त्रीचा पुरुष झाला आणि ती देवी देवदूत बनली. पंख मात्र तेच राहिले.

आतां हें सोनें आपल्याकडे आलें कसें? इ. स. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यानें ‘परिप्लस’ नांवाचें जलप्रवासाचें पुस्तक लिहिलें. त्यांत तो सांगतो कीं भडोच बंदरांत रोमन सोन्याचांदीचीं नाणीं आणावीं, कारण तेथील चलनाशीं त्यांचा बदल करतांना नफा होतो. भडोचेहून दक्षिणेस २० दिवसांच्या मजलेवर पैठण आणि तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असेंहि तो लिहितो. पैठणाहून रंगीत पट्ट्यांचे मोलवान दगड व तेरहून कापड गाड्यांत घालून, जेथें धड रस्ता नाहीं अशा मोठ्या मुलुखांतून भडोचेस नेत. प्लिनी नांवाचा रोमन ग्रंथकार तर तक्रारच करतो कीं हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यांतून ५ कोटि सेस्टर्स ओढून घेतो. शंभर सेस्टर्सांचा एक ऑरियस. म्हणजे पांच लाख सुवर्णनाण्यांइतकी ती रक्कम झाली. प्लिनीला चैनीचा राग होता, म्हणून आंकडा थोडा सैल धरावा. पण ओघ मोठा होता यांत शंका नाहीं.

या नाण्यांचे मोठे सांठे सांपडले ते दक्षिणेंत, विशेषतः तामिळ मुलुखांत. महाराष्ट्रांत ते थोडे आहेत. तथापि सोलापूर जिल्ह्यांतील दारफळ येथें १८४० मध्यें सोन्याचीं रोमन नाणीं मिळालीं, व त्यांत सेप्टिमियस सेव्हेरस या बादशहाचीं नाणीं होतीं. याच सेव्हेरसनें इ. स. १९८ च्या सुमारास टेसिफॉन पुन्हां घेतलें आणि माळ व रणचिन्ह घेऊन चालणारी, पायाशीं कैदी असलेली ‘पार्थियन विजया’ आपल्या नाण्यांवर पाडली. ऐंशीं वर्षांपूर्वीं ‘जिंकलेली’ पार्थिया दुसऱ्यांदां जिंकावी लागली, ही गोष्ट ध्यानांत यावी.

दख्खनच्या सावकाराला त्या लॅटिन अक्षरांचें काय होय? तो सोनें कसोटीवर घांशी, तोली, आणि मोल करी. पार्थिया कोणी जिंकली हें त्याच्या वहींत कशाला येईल? आपल्या ओळखीचें एक उदाहरण देतों. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्क व त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख अशा दोन आकृती असत. आपल्या आयाबायांनीं त्यांस ‘पुतळी’ असें साधें नांव दिलें आणि त्यांची माळ करून गळ्यांत घातली. रोमन नाण्यांचेंहि असेंच झालें. भोंक पाडलेलीं नाणीं हिंदुस्थानांत बरींच मिळालीं आहेत. शिवाय तेलंगणांतील कोंडापूर येथें रोमन नाण्यांच्या छापाच्या मातीच्या चकत्याहि मिळाल्या, त्या दागिन्यासारख्या वापरीत असावे. उत्तरेंत कुशाण राजा हुविष्क यानें मात्र देवीचा अर्थ ओळखला. त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर ओआनिंदो या नांवानें हीच पंखांची, माळ धरलेली देवी आहे.

आतां पैठणच्या राजाकडे वळूं. गुजरात, कोंकण व नाशिकचा मुलूख त्या काळीं क्षहरात कुळांतील नहपान या क्षत्रपाच्या ताब्यांत होता. त्याचा जांवई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यांतील लेखांत एक उपयुक्त हिशोब कोरलेला आहे: ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, अर्थात् एका सोन्याच्या नाण्यास ३५ चांदीचीं नाणीं. नहपानाचें स्वतःचें सोन्याचें नाणें मिळालेलें नाहीं. सोनें परकें आणि चांदी घरची, असा हा व्यवहार दिसतो. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें असत. त्याचा घाट पाहून रोमन नाण्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत नांव असे.

या नहपानाचा मोड गौतमीपुत्र सातकर्णि यानें केला. त्याचा पुरावा १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें जमिनींतून वर आला. तेथें नहपानाचीं १३,२५० चांदीचीं नाणीं एकत्र मिळालीं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या मिशनरी विद्वानांनीं तीं तपासून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शेंकडा सत्तर नाण्यांवर, गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचा चैत्य व त्याभोंवतीं ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हीं अक्षरें. दुसऱ्या बाजूस फुलीच्या चार टोंकांना चार वर्तुळें असलेलें, ज्यास अभ्यासक उज्जयिनी-चिन्ह म्हणतात तें. नाणें वितळविलें नाहीं, नवी चकती केली नाहीं. शत्रूचेंच नाणें ठशाखालीं ठेवून वर हातोडा मारला. त्यामुळें कित्येक नाण्यांवर चैत्याच्या रेषांआडून नहपानाचें नाक, केसांची कड, एखादें ग्रीक अक्षर किंवा वज्राचें टोंक अजून डोकावतें.

या नाण्यांवर पंखांची देवी नाहीं, हात बांधलेला कैदी नाहीं, ‘जिंकलें’ असा शब्दहि नाहीं. तरी माझ्या मतें ट्रेजनच्या सोन्यापेक्षां या चांदीची साक्ष बळकट आहे. रोमन बादशहाला विजय कोरण्यासाठीं विजय मिळविण्याची गरज नव्हती. सोनें व कुशल कारागीर असले म्हणजे पुरे. नहपानाच्या नाण्यांवर हजारोंच्या संख्येनें आपला ठसा मारावयाचा तर तें चलन, ज्या बाजारांत तें खेळत होतें तो बाजार व तेथील लोकांची मान्यता हीं आधीं आपल्या हातीं आलेलीं असावीं लागतात. ज्याच्या घरीं तीं नाणीं होतीं त्या गृहस्थास राज्य बदलल्याची वार्ता कोणी वाचून दाखविण्याची आवश्यकता राहिली नव्हती.

परंतु म्हणून गौतमीपुत्राच्या बाजूचा प्रत्येक शब्द खरा मानावा काय? त्याची आई गौतमी बलश्री हिनें नातू पुळुमावि याच्या १९ व्या राज्यवर्षीं नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांत मोठा लेख कोरविला. आपल्या पुत्रानें शक, यवन व पल्हव यांचा नाश केला, क्षहरात वंश निर्मूळ केला, सातवाहन कुळाची कीर्ति पुन्हां स्थापिली, त्याचे घोडे तीन समुद्रांचें पाणी प्याले, असें ती माउली सांगते. क्षहरातांविषयींचें विधान जोगळटेंभीचीं नाणीं पटवितात. तीन समुद्रांबद्दल मात्र नाणीं गप्प आहेत. शिवाय तिच्या लेखांत पुत्राच्या राज्याखालीं म्हणून सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकर व अवंति हे देश मोजले आहेत. आणि शके ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास रुद्रदामा या दुसऱ्या क्षत्रप कुळांतील राजानें जुनागडच्या खडकावर जो लेख कोरविला त्यांत हेच देश त्याच्या स्वतःच्या राज्यांत आहेत. दक्षिणापथाच्या स्वामी सातकर्णीचा आपण दोनदां उघड पराभव केला, पण जवळचें नातें असल्यामुळें त्यास राखलें, असेंहि तो म्हणतो. हा सातकर्णि कोणता याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. इतकें खरें कीं युफ्रेटिसपलीकडे ट्रेजनचें जें झालें, तेंच नर्मदेपलीकडे पैठणकरांचें झालें. फरक असलाच तर काळाचा.

ज्या विद्यार्थ्यांना प्राचीन नाणीं प्रत्यक्ष पाहावयाचीं असतील त्यांच्यासाठीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत नाण्यांचें दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथेंहि नाणकशास्त्राची संशोधनसंस्था व तिचें संग्रहालय आहे. रोमन नाणें असल्यास आधीं बादशहाचें नांव व वर्ष पाहावें, आणि त्या वर्षीं सरहद्दीवर काय चाललें होतें तें पुस्तकांत शोधून मग देवीकडे पाहावें. गौतमीपुत्रानें ठसा मारलेलें नाणें असल्यास समोरून पाहूं नये, उजेड बाजूनें पडेल असें उभें राहावें. चैत्य लगेच दिसेल. नंतर चैत्याच्या कमानींकडे दुर्लक्ष करून कांठाकडे नजर न्यावी. बहुधा तेथें नहपानाचें नाक सांपडतें.